मानेवरची हाक

सिल्वासाजवळच्या राखोलीत झुंबरशी बोलायचं असेल तर त्याच्या समोर जाऊन उभं राहायचं. पाठीमागून घसा कोरडा पडेपर्यंत बोंबला, गडी ढिम्म. नवा माणूस म्हणतो, म्हातारा मोठा शिष्ट दिसतोय. शिष्ट नाही हो, बहिरा आहे. आणि बहिरासुद्धा जन्माचा नाही, नोकरी करून कमावलेला. नांदगावाकडून मिसरूड फुटायच्या वयात इकडे आला, दमणगंगेच्या अलीकडच्या एका धाग्याच्या कारखान्यात लागला आणि केस पांढरे होईस्तोवर त्याच एका खात्यात उभा राहिला. त्या खात्यात ज्यानं पाऊल टाकलंय त्याला सांगायला नको. ज्यानं नाही टाकलं त्यानं एवढंच समजावं की तिथं शेजारचा माणूस ओरडला तरी नुसतं तोंड हललेलं दिसतं. कानात घालायला बोळे मिळायचे, पण बोळ्यांनी घाम येतो, कान खाजतो, मग माणूस ते काढून खिशात टाकतो. झुंबरनंही टाकले. कान एका दिवसात गेले नाहीत. आधी पाखरं गेली, मग बायकांचे आवाज, मग दाराची कडी.

आता एवढ्या गोंगाटात एकमेकांना बोलवायचं कसं? तर मशीनपाशी हवेची नळी असायची, धाग्याची धूळ उडवायला. ज्याला बोलवायचं त्याच्या मानेवर लांबूनच एक हलकी फुंकर सोडायची. फुस्स. माणूस वळतो. सुपरवायझर खेकसायचा, हवेशी मस्ती नको म्हणून, आणि बरोबरच होतं त्याचं. पण कामं त्याशिवाय व्हायची नाहीत. झुंबरला तर फुंकर शेजारच्या मशीनवरच्या नथूची की आणखी कुणाची, तेही न बघता कळायचं.

हीच गंमत त्यानं एकदा घरी बायकोला सांगितली. बायको म्हणजे आक्काबाई. तिची नवऱ्याला हाक मारायची दुहेरी पंचाईत होती. अहो म्हणावं तर त्याला ऐकू जात नाही, आणि नाव घ्यावं तर ते तिच्या जन्मात शक्य नाही. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. रेशनच्या दुकानात मालकाचं नाव विचारलं की बाई सुनेकडे बघायची. कुणाच्या लग्नाच्या मंडपात काचेचं झुंबर टांगलेलं असलं तर म्हणायची, "ते बघ गं, वर लोंबतंय ते काचेचं." सून हसून हसून पडायची, पण म्हातारीच्या तोंडून तो शब्द निघाला नाही म्हणजे नाहीच. मग तिनं नवऱ्याचीच युक्ती उचलली. मागून यायची आणि पदराच्या टोकानं त्याच्या मानेवर एकदाच वारा घालायची. झुंबर वळायचा. जेवायला चला. गॅस संपलाय. पोरगं तापलंय. अख्खा संसार असा झाला बघा, पदराच्या वाऱ्यावर.

गेल्या दिवाळीआधी आक्काबाईला दम लागायला लागला. सिल्वासाच्या दवाखान्यात ठेवली. झुंबर तिच्या कॉटला टेकून खाली फरशीवर बसायचा, पाठ तिच्याकडे आणि तोंड दाराकडे, कारण मुलगा कल्पेश औषध घेऊन येतोय का ते बघायचं असायचं. सून ममता उशाशी. असाच तो दुपारी दाराकडे डोळे लावून बसला होता आणि ममतानं खांदा धरून हलवलं तेव्हा वळला, तर सगळं आटोपलेलं.

लोक म्हणाले, अहेव गेली, भाग्याची. भाग्याची म्हणे! ज्याचं गेलं त्याला विचारा. झुंबरनं रडणं वगैरे काही केलं नाही. त्यानं सुनेला एकच विचारलं, "मला बोलावलं व्हतं का तिनं?"

ममतानं नाही म्हणून मान हलवली. हात गालाखाली घेऊन खूण करून दाखवली. "झोपेतच गेल्या, आबा."

तो बरं म्हणाला. पण महिना गेला, पुन्हा विचारलं. संक्रांतीला विचारलं. ममताचं उत्तर तेच, खूण तीच. नवरा-बायकोचं एवढं आयुष्य गेलं आणि जाताना तिनं बोलावलं की नाही, एवढंच त्या माणसाला हवं होतं. दुसरं काही त्यानं कुणाला मागितलंही नाही.

उन्हाळा आला. त्यांची खोली म्हणजे आत एक पक्की, आणि पुढं पत्र्याचा पडवीवजा भाग. झुंबरची खाट पुढं. तिथं पंखा टांगायला ना हूक ना छत, नुसता पत्रा. चैत्रात तो पत्रा असा तापतो की खाली माणूस नाही, पापड भाजावा. कल्पेशचा जीव वाईट नाही, बापाचा विचार करतो. त्याच्या कंपनीच्या ऑफिसातून जुने कम्प्युटर भंगारात निघाले, त्यातल्या एका डब्याचा आतला पंखा तो साहेबाला विचारून घेऊन आला. तळहाताएवढा, काळा, चौकोनी. मोबाईलची एक जुनी वायर कापली. लाल तार लालला, काळी काळीला जोडली. पंख्याची एक पिवळी तार उरली, ती किती फेरे झाले ते कम्प्युटरला कळवणारी असते. तिला टेप गुंडाळून गप्प बसवली. पंखा खाटेमागच्या खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधला आणि वायर टीव्हीच्या मागं असतं ना ते यूएसबीचं भोक, त्यात खोचली.

"आबा, टीव्ही चालू केला की हा पण चालू. एकदम झकास. लाइट बिल पण नाय वाढणार."

झुंबरला टीव्हीच्या आवाजाशी तसंही देणंघेणं नव्हतं. तो मुका टीव्ही बघायचा, माणसं तोंडं हलवताना. कारखान्यात जन्म काढलेल्याला त्यात काही नवल नाही.

पंखा बारा व्होल्टचा आणि त्या भोकातून मिळणार पाच. अर्धपोटी राबणारा गडी कसा चालेल, तसा तो चालायचा. रमतगमत, हळू. पहिले काही दिवस मजेत गेले. मग पत्र्याखालची धूळ त्याच्या आसात गेली आणि तो अडखळायला लागला. थांबायचा. थांबल्या जागी थोडा वेळ थरथरायचा आणि एकदम हिसका देऊन चार फेरे घ्यायचा. पुन्हा थांबायचा.

म्हणजे काय व्हायचं, लक्षात येतंय का? भर दुपारी, घरात कुणी नाही, समोर टीव्हीत माणसं बिनआवाजाची बोलतायत, आणि झुंबरच्या मानेवर, केस संपतात तिथं, एकदाच हलका वारा यायचा. आणि बंद.

पहिल्यांदा आला तेव्हा झुंबर वळला. सवयीनं वळला. "काय गं?" हे शब्द ओठापर्यंत आले होते. मागं खिडकी, खिडकीपलीकडं भिंत. त्याच्या अंगावर असा काटा आला की भर उन्हात त्यानं चादर ओढून घेतली.

पंखा आहे हे काय त्याला समजत नव्हतं? चांगलं समजत होतं. मशीनवर जन्म काढलेला माणूस तो. दोन-तीनदा उठून पात्यांकडं टक लावून बघितलं. पण ज्या मानेनं इतकी वर्षं माणसं ओळखली, ती मान सांगत होती की ही नथूची फुंकर नाही, ही आणखी कुणाची नाही, हा पदर आहे. मानेपुढं डोळ्यांचं काय चालणार?

मग ते रोजचंच झालं. वारा आला की वळायचं. कुणी नसायचं. लहानपणी सगळ्यांनाच सांगून ठेवलेलं असतं, न दिसणाऱ्यानं बोलावलं तर ओ देऊ नये, ओ दिली की माणूस त्याच्यामागं जातो. झुंबर ओ द्यायचा नाही. पण वळायचा, आणि वळून बराच वेळ त्या रिकाम्या खिडकीकडं बघत राहायचा. जेवताना वळायचा. घास हातात राहायचा. ममताला वाटायचं, माशी असेल, डास असेल. मग तिनं त्याचा चेहरा बघितला, आणि माशी-डास असं काही वाटेनासं झालं. तिनं त्या बाजूला बघणंच सोडलं.

"तिनं बोलावलं व्हतं का गं मला?" आता तो रोज विचारायला लागला.

"नाही हो आबा, कितीदा सांगू!" ममता चिडून बोलायची, आणि आत जाऊन भांडी उगाच आपटायची.

आखाजी आली, म्हणजे अक्षय्य तृतीया, गेलेल्यांना घागरीनं पाणी द्यायचा सण. आक्काबाईची पहिली आखाजी. कल्पेशनं नवी घागर आणली, ममतानं सांजोऱ्या केल्या, घागरीवर खरबूज ठेवलं, हळदकुंकू वाहिलं. झुंबर हात जोडून घागरीपुढं कितीतरी वेळ बसला. त्याच्या मनात होतं, आता पाणी पोचलं, आता ती शांत होईल. कपाळाला घागरीखालच्या मातीचं बोट लावून तो खाटेवर येऊन बसला. बसल्या बसल्या मानेवर वारा आला.

तेव्हा तो घाबरला. खरं सांगायचं तर तोवर त्याला थोडं बरंच वाटत होतं. बायको येते, बोलावते, कुणाची येते? पण पाणी पिऊनही ती बोलावतेय म्हणजे तिचं काहीतरी अडलंय. आणि काय अडलंय ते विचारायचं तर ओ द्यायला हवी.

इकडं कल्पेशच्या डोक्यात वेगळंच. त्याला दिसत होतं, पंखा मरतुकडा झालाय आणि बाप दिवसेंदिवस सुकतोय. बिचाऱ्यानं उष्म्याचा दोष समजून नाक्यावरच्या मोबाईलच्या दुकानातून एक वायर आणली, मधे छोटीशी डबी असलेली. ती पाचाचे बारा व्होल्ट करते. टीव्हीचं भोक सोडून चांगला चार्जर लावला. पंखा पुसला, तेलाचा थेंब सोडला आणि बटण दाबलं. अहो, काय वारा! खाटेवरची चादर उडायला लागली. कॅलेंडर भिंतीवर फडफडलं. कल्पेश खुशीत. "बोला आबा! आता कसं?"

वारा सुटला होता तो सुटलाच होता, एकसारखा, न थांबता, मानेवर, पाठीवर, डोक्यावर. असल्या वाऱ्यात कोण कुणाला बोलावणार? झुंबर वाट बघत बसला. संध्याकाळ झाली. दुसरा दिवस गेला. तो एकदाही वळला नाही, कारण वळायला कुणी लावलंच नाही.

त्यानं त्याचा अर्थ लावला. ती बोलावून बोलावून थकली. आपण ओ दिली नाही. गेली ती आता, रागावून गेली, आणि काय हवं होतं ते कधीच कळायचं नाही. म्हाताऱ्यानं जेवण टाकलं. एक घास, दोन घास, ताट बाजूला. पोटात दुखतंय का विचारलं तर नाही म्हणून मान हलवायचा. रोज उठून नदीच्या पुलाकडं जायचा आणि गाड्यांच्या गर्दीत कडेला, नदीकडं पाठ करून उभा राहायचा. का? तर तिथं नदीवरनं वारा येतो, कधी एकदम, कधी थांबून. ओळखीच्या लोकांनी हाताला धरून घरी आणून सोडलं.

शेवटी एका रविवारी त्यानं ती नवी वायर हिसडून तोडली. डबी खाली पडली, फुटली. कल्पेश घरीच होता. "आबा! काय करताय? वेड लागलंय का?"

"घालवलीस तिला!" बहिऱ्या माणसाचा आवाज, तो काय दबका असतो? अख्ख्या चाळीनं ऐकलं. "माझ्या मानेवर यायची ती. रोज यायची. तू तुझं वारं सोडून घालवलीस!"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. कल्पेशनं कपाळाला हात लावला, समोर बसला आणि शब्द सुटे सुटे करून समजावलं. टीव्हीच्या भोकाला झेपत नव्हतं, पंख्याचा आस धरत होता, तो थांबून थांबून हिसके द्यायचा, दुसरं काही नव्हतं. झुंबर म्हणाला, "मला नको शिकवू मशीन." आणि गंमत बघा, एवढं सगळं व्होल्टचं शास्त्र सांगून झाल्यावर कल्पेशच बापाच्या जवळ सरकला आणि विचारतो काय, "पण आबा, तुम्ही ओ तर नाय ना दिली?"

नाही म्हटल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला. तरी त्यानं ठरवलं, ही पीडा घरात नको. संध्याकाळी पुलावरून नदीत टाकतो. पंखा गजावरून सोडवून त्यानं खाटेखाली ठेवला, तोंडं फाकलेल्या तारांसकट.

दुपारी कल्पेश झोपला. झुंबर बाहेर ओट्यावर जाऊन बसला. ममता तांदूळ निवडायला म्हणून झुंबरच्या खाटेवर टेकली, उजेड तिथं बरा पडतो म्हणून. टीव्ही बंद. बाहेर पानसुद्धा हलत नव्हतं. तिचं लक्ष सुपात. आणि तिच्या मानेवर, अंबाड्याच्या खाली, हलका वारा आला. एकदाच.

सूप सरळ जमिनीवर. ती वळली नाही आधी. तिला वळायचा धीर होईना. मग वळली. खिडकी. गजाला सुतळीचे तुकडे लोंबत होते, तेही स्थिर. पंखा खाटेखाली होता, तिच्या पायाशी.

ममता तशीच उठली, सांडलेला तांदूळ तुडवत बाहेर आली आणि झुंबरच्या समोर जमिनीवर बसली. पडवीत, ओट्यावर, नळाच्या रांगेत बायकामाणसं होती, तिला त्याचं भान नव्हतं.

"आबा, मी खोटं बोलले." तिनं ओठ नीट हलवून सांगितलं. "बोलावलं होतं. आत्याबाईंनी तुम्हाला बोलावलं होतं."

झुंबर तिच्या ओठांकडं बघत राहिला.

"त्यांना उठता येत नव्हतं. हातात सुई होती, अंगावर दवाखान्याचा झगा, पदर कुठला? हात पुढं करायला गेल्या, पोचला नाही. मग त्यांनी... मग त्यांनी नाव घेतलं तुमचं."

"नाव?" झुंबर म्हणाला. "माझं?"

ममतानं मान डोलावली. तिचे डोळे वाहत होते.

"सगळ्यांच्या समोर?" म्हाताऱ्याच्या तोंडावर, काय सांगावं, नवरदेवासारखं लाजरं हसू आलं. खरंच आलं. "आक्कानं? नाव?"

"मोठ्यानं घेतलं, आबा. सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. पलीकडच्या कॉटवरचा पेशंटसुद्धा उठून बसला. तुम्ही तेवढे नाही वळलात. मी तुम्हाला हलवायला आले तोवर..." मग ती म्हणाली, "कशी सांगणार होते मी तुम्हाला? तुम्ही तिथंच तर बसला होतात."

हसू गेलं. नळाचं पाणी कुणाच्यातरी बादलीवरून वाहत होतं आणि कुणी बंद करत नव्हतं.

"कसं म्हणाली?" झुंबरनं विचारलं.

"अं?"

"म्हणून दाखव. जशी ती म्हणाली तशी. तेवढ्याच मोठ्यानं." आणि त्यानं खुणेनं तिला आपल्या मागं उभं केलं, पाठ तिच्याकडं आणि तोंड रस्त्याकडं.

ममताचा हात तोंडावर गेला. सासऱ्याचं नाव! तिनं ते कागदावर लिहिलं असेल, दुसऱ्यांसाठी सांगितलं असेल, पण हाक म्हणून? तिनं इकडंतिकडं बघितलं. कल्पेश आवाजानं उठून दारात येऊन उभा होता. ममता म्हणाली, "झुंबर."

म्हातारा हलला नाही.

तिनं डोळे मिटले, पदर गच्च धरला आणि छातीत होता नव्हता तेवढा श्वास घेऊन हाक मारली, "झुंबर!"

नळावरच्या बायका वळल्या. समोरच्या खोलीतून सुनंदाताई लाटणं हातात घेऊन बाहेर आल्या. रस्त्यानं जाणारा सायकलवाला पाय टेकून थांबला. वरच्या मजल्यावर दोन खिडक्या उघडल्या.

झुंबर रस्त्याकडं बघत तसाच बसला होता, हाक यायची वाट बघत.

मग त्याला ती तोंडं दिसली. सायकलवाल्याचं, सुनंदाताईंचं, नळावरच्या बायकांचं. सगळी त्याच्या पाठीमागं बघत होती. त्यानं एकेकाकडं बघितलं. त्याला समजलं, हाक मारून झालीय.

तो वळला. ममता तोंडावर पदर धरून उभी होती आणि गदगदून रडत होती.

"एवढ्या मोठ्यानं?" झुंबर म्हणाला.

ममतानं मान डोलावली. झुंबर ओट्याला हात टेकून उठला. कल्पेशला कळलं तो काय करणार आहे, तो "आबा, नको, आबा" करत पुढं धावला. पण म्हाताऱ्याला त्यातलं काही ऐकू गेलं नाही.

"ओ," झुंबर म्हणाला. "ओ गं. हा बघ, वळलो."